एक्स-रेपायी हात गमावला, तरी शेवटपर्यंत सांगत राहिले : काळा डाग दिसला म्हणून दात उपटू नका

उंब्रजहून कराड तसं जवळ. हायवेला लागलं की अर्ध्या तासात माणूस पोहोचतो. दाढ दुखायला लागली की गावातले डॉक्टर आधी छोटा फोटो काढतात. त्यात काही वेगळं दिसलं तर कराडला जाऊन मोठा फोटो काढून आणा म्हणतात. मोठा फोटो म्हणजे ओपीजी. हनुवटी टेकवून उभं राहायचं, मशीन डोक्याभोवती फिरतं आणि या कानापासून त्या कानापर्यंतचा अख्खा जबडा एका फिल्मवर येतो.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. तो फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. कुणीतरी दोन बोटांनी तो मोठा करून बघतं आणि दाताच्या मुळाशी एक काळा गोल दिसतो. मग पुण्यातला भाचा गुगल करतो, मुंबईची आत्या फोन करते आणि संध्याकाळपर्यंत घरात एकच शब्द फिरत असतो. गाठ. घरात कुणी तंबाखू मळणारं असेल, तर त्या शब्दाची भीती दुप्पट होते. रात्री जेवताना निर्णयही होऊन जातो. उद्याच्या उद्या दात काढून टाकायचा. विषय संपला.

पण विषय तिथं संपत नाही. जबड्यातला प्रत्येक काळा किंवा पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नसतो. अनेकदा ती साधी, न पसरणारी गाठ असते. कधी कधी तर तो आजारच नसतो. अशा वेळी घाईनं दात उपटला तर चांगला दात जातो, आणि काही प्रकारांत नसलेलं दुखणं मागं लागतं.

हीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतला एक दातांचा डॉक्टर जीव तोडून सांगत होता. दातांचे एक्स-रे काढायची पद्धत रुजवणाऱ्या पहिल्या फळीतला हा माणूस, आणि त्याच एक्स-रेनं त्याचा हात खाल्ला होता.

त्यांचं नाव डॉ. चार्ल्स एडमंड केल्स.

विजेचं वेड असलेला डेंटिस्ट

केल्स यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८५६ चा, न्यू ऑर्लिन्सचा. मिसिसिपी नदीच्या काठावरचं हे बंदराचं शहर. वडीलही दातांचे डॉक्टर. पोरगं चार-पाच वर्षांचं असताना अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, त्यामुळं लहानपण धामधुमीतच गेलं. पुढं ते शिकायला न्यूयॉर्कला गेले, १८७८ मध्ये तिथल्या डेंटल कॉलेजातून पदवी घेतली आणि परत येऊन वडिलांच्याच दवाखान्यात काम सुरू केलं.

वडिलांचा धंदा पोरानं पुढं चालवला, इतकीच ही गोष्ट राहिली असती. पण केल्स यांना स्वस्थ बसवत नव्हतं. तो काळ विजेच्या दिव्यांचा नवा नवा काळ होता. डेंटिस्ट लोक पायानं चाक फिरवून ड्रिल चालवायचे. अशा काळात केल्स यांनी दवाखान्यात विजेवर चालणारी उपकरणं आणली. जे बाजारात मिळत नव्हतं ते स्वतः बनवलं. आयुष्यभरात त्यांच्या नावावर तीसेक पेटंट जमा झाली आणि ती सगळी दातांचीच होती असंही नाही.

तुमच्या तोंडातली लाळ आणि रक्त ओढून घेणारी ती सूं सूं आवाज करणारी नळी आठवते? दवाखान्यात खुर्चीवर बसल्यावर ओठात अडकवतात ती. त्या सक्शनच्या तंत्राचा पाया घालणाऱ्यांत केल्स होते. पुढं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीही ते उचललं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी तेव्हा फार धाडसाची होती. १८८५ मध्ये त्यांनी मालविना क्वेरिया नावाच्या तरुणीला दवाखान्यात मदतनीस म्हणून घेतलं. त्या काळी बाईमाणूस एकटं डेंटिस्टकडं जात नसे, सोबत नवरा किंवा घरचं कुणीतरी लागायचं. दवाखान्यात एक बाई हजर असते म्हटल्यावर बायका एकट्या यायला लागल्या. आज उंब्रजपासून न्यूयॉर्कपर्यंत डेंटल क्लिनिकमध्ये ज्या असिस्टंट मुली दिसतात, त्या कामाची सुरुवात इथून धरली जाते.

आणि मग एक्स-रे आला

८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीत विल्हेम राँटजेन यांना एक्स-रे सापडले. वर्ष संपता संपता त्यांनी ते जाहीर केलं आणि जगभर नुसता धुरळा उडाला. माणूस न कापता त्याची हाडं दिसतात, यावर कुणाचा विश्वास बसेना.

दातांच्या डॉक्टरांनी तर फार थांबायची तसदी घेतली नाही. जानेवारी १८९६ मध्येच जर्मनीतल्या ऑटो वाल्कहॉफ यांनी काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळलेली काचेची प्लेट स्वतःच्या तोंडात धरली आणि दाढांचा फोटो काढून घेतला. त्यासाठी त्यांना २५ मिनिटं न हलता बसावं लागलं. आज याच कामाला सेकंदाचा काही भाग पुरतो.

इकडं न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ब्राऊन आयर्स यांनी एक्स-रेचं प्रात्यक्षिक दाखवलं. ते बघून केल्स यांच्या डोक्यात चक्र फिरलं. डेंटिस्टची सगळी जिंदगी अंदाजावर चालते. दाताचा दिसतो तो शेंडा, बाकी मूळ हिरडीखाली आणि हाडात. अक्कलदाढ आडवी आहे की उभी, मुळं किती, त्यांच्या टोकाशी काय चाललंय, हे कळायला कापण्याशिवाय मार्ग नव्हता. हे यंत्र ते सगळं दाखवणार होतं.

केल्स यांनी यंत्र उभं केलं. प्लेट तोंडात हलू नये म्हणून ती धरणारं साधन स्वतः तयार केलं. आणि जुलै १८९६ मध्ये, म्हणजे शोध जाहीर होऊन सहा-सात महिने झाले असतील नसतील, नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल इथं डेंटिस्ट लोकांच्या अधिवेशनात त्यांनी हे तंत्र करून दाखवलं. जिवंत माणसाच्या दातांचा एक्स-रे अमेरिकेत सर्वात आधी काढणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

१८९९ मध्ये त्यांनी आणखी एक डोकं लावलं. रूट कॅनॉल करताना दाताच्या नळीत बारीक तार घालायची आणि फोटो काढायचा. तार कुठवर पोहोचली हे दिसलं, की मूळ किती लांब आहे ते कळतं. आज रूट कॅनॉल करताना मध्येच डॉक्टर दाताचा फोटो काढतात ना, ते याच कारणासाठी.

रोज हात पुढं करायचा

आता या गोष्टीची काळी बाजू.

तेव्हाच्या एक्स-रे नळ्या फार लहरी होत्या. आतला वायू वापरानुसार कमी-जास्त व्हायचा, तसे किरण बदलायचे. त्यामुळं प्रत्येक फोटोआधी नळी नीट लावून घ्यावी लागायची. कशी? तर नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये स्वतःचा हात धरायचा. पडद्यावर हाताची हाडं स्वच्छ दिसली की नळी लागली. मग पेशंटचा फोटो.

प्रत्येक फोटोला हात पुढं. दिवसातून अनेकदा. वर्षानुवर्षं.

धोका कुणालाच माहीत नव्हता असंही नाही. बोस्टनचे डेंटिस्ट विल्यम रोलिन्स यांनी १९०१ च्या सुमारास गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं होतं, की हे किरण जीव घेऊ शकतात. यंत्राला शिशाचं आवरण घाला, असं ते सांगत होते. फारसं कुणी ऐकलं नाही. एडिसनच्या प्रयोगशाळेत एक्स-रेवर काम करणारा क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये गेला. त्याचे दोन्ही हात कापावे लागले होते. एडिसननं तर या कामातून अंगच काढून घेतलं.

किरणांचं विष लगेच दिसत नाही, हीच तर खरी अडचण. केल्स यांनाही सुरुवातीची कैक वर्षं काही जाणवलं नाही. मग हाताची कातडी खराब व्हायला लागली. न भरणाऱ्या जखमा आल्या. शेवटी कळलं, की हा कॅन्सर आहे.

१९१३ मध्ये विल्यम कूलिज यांची सुधारलेली नळी आली आणि हातानं तपासायची गरजच राहिली नाही. पण केल्स यांच्यासाठी फार उशीर झाला होता. त्यांच्या डाव्या हातावर एकामागून एक शस्त्रक्रिया होत राहिल्या. आधी बोटं गेली, मग पंजा, मग हात. तरीही ते काम करत राहिले, लिहीत राहिले आणि इतर डॉक्टरांना या किरणांपासून सांभाळून राहायला सांगत राहिले.

दात उपटण्याची साथ

एव्हाना अमेरिकेत दुसरंच वारं सुटलं होतं.

१९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये एक भाषण केलं. त्यांचं म्हणणं असं, की सोन्याच्या कॅपखाली आणि किडक्या दातांत साठलेली घाण अंगभर पसरते आणि सांधेदुखीपासून ॲनिमियापर्यंत नाना आजार त्यातून होतात. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांच्यासारख्या बड्या डॉक्टरांनी हा विचार उचलून धरला. तोंडातल्या संसर्गाचा बाकी शरीराशी संबंध असतो, हे मूळ म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण पुढं त्याचं जे झालं ते भयानक होतं.

गुडघा दुखतोय? दात काढा. पोट बिघडलंय? दात काढा. डोकं ठिकाणावर नाही? दात काढा. कारण सापडलं नाही की दातांवर खापर. आणि पुरावा म्हणून काय, तर एक्स-रे. मुळाशी जरा काळं दिसलं की तो दात गुन्हेगार. एकदा रूट कॅनॉल केलेला दात तर बघायलाच नको. हजारो धडधाकट माणसं तोंडात कवळी घेऊन घरी गेली आणि त्यातल्या कितीतरी जणांची मूळ दुखणी जागच्या जागीच राहिली.

ज्या यंत्रानं दात वाचावेत म्हणून केल्स यांनी हात पणाला लावला, त्याच यंत्राच्या नावानं आता दात उपटले जात होते.

१९२० मध्ये डेंटिस्ट लोकांच्या राष्ट्रीय संघटनेपुढं केल्स यांनी हा विषय काढला आणि आडपडदा न ठेवता बोलले. एक्स-रेचा असा वापर म्हणजे या काळातला गुन्हा आहे, असाच त्यांचा सूर होता. मोठा डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो म्हणून दात काढायचा नाही, गरज नसेल तर तोंडावर नाही म्हणा, असं त्यांनी आपल्याच व्यवसायातल्या लोकांना सुनावलं. त्या काळी डेंटिस्टनं फिजिशियनला नाही म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांच्या सांगण्याचं सार एका ओळीत मांडायचं तर, एक्स-रेमध्ये सावली दिसते, आजार दिसत नाही. आजार डॉक्टरला ओळखावा लागतो.

केल्स बरोबर होते का?

होते. आणि हे समजून घेतलं तर उंब्रजच्या त्या ओपीजीवरची भीतीही निम्मी होईल.

एक्स-रेमध्ये हाड पांढरं दिसतं, कारण त्यातलं कॅल्शियम किरण अडवतं. जिथं हाड कमी तिथं काळं. म्हणजे काळा डाग फक्त एवढंच सांगतो, की इथं हाड पातळ आहे. का पातळ आहे, ते तो सांगत नाही. उलट बाजूनंही फसगत होते. १९६१ मध्ये बेंडर आणि सेल्टझर या संशोधकांनी दाखवून दिलं, की हाडाच्या आतल्या जाळीदार भागात बिघाड झाला असला तरी बाहेरच्या कडक कवचाला धक्का लागेपर्यंत तो साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही.

आता काळे डाग किती तऱ्हेचे असतात ते बघा.

पहिला, अगदीच निरुपद्रवी. खालच्या जबड्यात सुळ्याच्या मागच्या छोट्या दाढांजवळ एक भोक असतं. हनुवटी आणि ओठाकडं जाणारी नस तिथून बाहेर पडते. ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या जबड्यात असतं. फोटोत ते नेमकं मुळाच्या टोकावर येऊन बसलं, तर हुबेहूब पुवाची गाठ वाटते.

दुसरा, जबड्याच्या मागच्या कोपऱ्याजवळ, नसेच्या नळीच्या खाली दिसणारा गोल काळा खळगा. एडवर्ड स्टॅफ्नी यांनी १९४२ मध्ये अशा ३५ केसेस मांडल्या. हा फक्त हाडाला आतून पडलेला खळगा, बहुतेकदा त्यात लाळग्रंथीचा भाग बसलेला असतो. याला उपचारच लागत नाहीत.

तिसरा प्रकार केल्स यांचं म्हणणं जसंच्या तसं खरं ठरवणारा आहे. मध्यमवयीन बायकांमध्ये, विशेषतः आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या, खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी काळे ठिपके दिसतात. तिथलं नेहमीचं हाड जाऊन त्या जागी तंतूसारखा भाग येतो आणि हळूहळू पुन्हा कडक होतो. म्हणून हे ठिपके आधी काळे, मग मध्ये पांढरे, शेवटी बहुतेक पांढरे दिसतात. डॉक्टरी भाषेत याला सिमेंटो-ऑशियस डिस्प्लेजिया म्हणतात. दुखत नाही, पसरत नाही. महत्त्वाचं म्हणजे तो दात जिवंत असतो. पण नुसता फोटो बघणाऱ्याला वाटतं मुळाशी पू झालाय. मग विनाकारण रूट कॅनॉल होतं, नाहीतर दात जातो. आणि इथंच खरी मेख आहे. या भागाला रक्तपुरवठा कमी असतो. दात काढला किंवा तुकडा तपासायला घेतला तर जखम चिघळू शकते. म्हणून डॉक्टर तिथं हात लावायचं टाळतात आणि ठरावीक काळानं फक्त फोटो काढून लक्ष ठेवतात.

हे ओळखायचं कसं? दाताला गार लावून किंवा विजेचा हलका झटका देऊन बघायचं. नस जिवंत असेल तर काळ्या डागाचं खापर त्या दातावर फोडता येत नाही. दोन मिनिटांची तपासणी, पण तिच्यामुळं दात वाचतो.

चौथा प्रकार फायब्रस डिस्प्लेजिया. इथं हाड फुगतं आणि फोटोत बाथरूमच्या खिडकीच्या दुधी काचेसारखं दिसतं, कडा कुठं संपते ते कळत नाही. बहुतेकदा लहान वयात सुरू होतं आणि वाढीचं वय संपलं की साधारणपणे मंदावतं.

पण म्हणून साधी गाठ म्हटलं की निवांत झोपायचं, असंही नाही. अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ बहुतेकदा कॅन्सर नसते, पण जबडा पोखरत जाते. फोटोत साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसतात, शेजारच्या दातांची मुळं झिजलेली असतात. तिथं शस्त्रक्रियाच लागते आणि उशीर केला तर जबड्याचा मोठा भाग काढावा लागतो.

म्हणून जाणकार डॉक्टर फोटो बघताना काही गोष्टी क्रमानं तपासतात. डाग नेमका कुठं आहे? त्याची कडा स्पष्ट आहे की विस्कटलेली? आतून काळा, पांढरा की मिश्र? शेजारचे दात, नसेची नळी आणि हाडाची बाहेरची भिंत यांचं त्यानं काय केलंय? विस्कटलेली कडा आणि फुटलेली भिंत ही काळजीची खूण. शंका असेल तर सीबीसीटी, म्हणजे तिन्ही बाजूंनी दिसणारा जबड्याचा स्कॅन, आणि गरज पडली तरच तुकडा काढून तपासणी.

शेवटची वर्षं

केल्स यांनी १९२५ मध्ये डेंटिस्ट लोकांसाठी एक पुस्तक लिहिलं आणि १९२६ मध्ये, वयाच्या एकोणसत्तरीत, आठवणींचं दुसरं. हात गेला होता, दुखणं थांबत नव्हतं. ज्यांनी तंत्र शिकवलं, त्यांनी त्या तंत्राची किंमतही स्वतःच्या शरीरावर बघितली.

७ मे १९२८ रोजी केल्स यांनी आपलं आयुष्य संपवलं. ते ७१ वर्षांचे होते. कॅन्सरच्या वेदनांनी त्यांना पार थकवलं होतं.

दात उपटण्याची ती साथ पुढच्या एक-दोन दशकांत ओसरली. काढलेल्या दातांनी रोग बरे होत नाहीत, हे हळूहळू डॉक्टरांच्याच लक्षात आलं. ते बघायला केल्स नव्हते.

आज आपल्यासाठी

आज दाताच्या एका छोट्या डिजिटल फोटोत जितका किरणोत्सार मिळतो, तितका आपल्याला निसर्गातून साधारण एखाद्या दिवसात मिळतच असतो. डॉक्टर फोटो काढताना बाजूला उभे राहतात. आपल्याकडं डेंटल एक्स-रेच्या यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. हे सगळे नियम केल्स, रोलिन्स, डॅली यांच्यासारख्यांचे हात आणि जीव गेल्यावर आलेत. त्यामुळं गरजेच्या फोटोला घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं नाही, तसंच घाईही करायची नाही. पुढच्या वेळी कराडहून ओपीजी घेऊन घरी आलात आणि ग्रुपवर गाठ गाठ सुरू झालं, तर दात काढायची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. हा दात जिवंत आहे का, तपासलाय का? याआधीचा जुना फोटो असेल तर त्यात हा डाग होता का? हा फोटो ओरल रेडिओलॉजीच्या डॉक्टरांना दाखवायची गरज आहे का? आणि आत्ता काहीच केलं नाही, फक्त लक्ष ठेवलं तर चालेल का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. आणि सूज वाढत असेल, ओठ बधिर वाटत असेल, दात आपोआप हलायला लागले असतील किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

जुने फोटो फेकू नका, फाईलला लावून ठेवा. पाच वर्षांपूर्वीचा डाग आजही तेवढाच असेल, तर डॉक्टरांचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो आणि एखादा दातही वाचतो.